टायमिंग चेन घरी बदलायची? आधी बेल्ट काढून आवाज ऐका

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. गाडी २०१३ची डिझायर डिझेल, चाललेली १,७८,००० किलोमीटर. सकाळच्या पहिल्या सेल्फला तीन-चार सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट होतो, मग इंजिन शांत. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, दोन मिनिटं कान देऊन ‘टायमिंग चेन गेली, इंजिन उघडावं लागेल’ असं निदान केलं आणि बावीस हजार सांगितले. तुमच्याकडे गोटी पान्यांचा बॉक्स आहे, मेहुणे पॉलिटेक्निकला शिकवतात, दिवाळीचे चार दिवस मोकळे आहेत आणि नाशिकला बिल्डिंगखाली स्वतःचं पार्किंग आहे. तर चेन, म्हणजे पिस्टनने फिरणारा क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम या इंजिनातल्या दोन दांड्यांना जोडणारी साखळी, घरीच बदलावी का?

बदलता येते. मी स्वतः गॅरेज टाकायच्या आधी पहिली चेन घराच्या अंगणातच बदलली होती. पण तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकात एक अडकलेत. आवाज खरंच चेनचा आहे का, हा पहिला. चेन बदलण्यातलं अवघड नेमकं काय, हा दुसरा. आणि ते अवघड तुमच्या पार्किंगमध्ये, तुमच्या पान्यांनी, चार दिवसांत होईल का, हा तिसरा. बहुतेक लोक थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि पहिल्यात फसतात. नवीन किट बसवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज ऐकलेला माणूस मी पाहिलाय. त्याचा चेहरा विसरत नाही.

गाडीची थोडी ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुमच्या बॉनेटखाली फियाटचं १.३ मल्टिजेट आहे. १,२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह. आमच्या पुणे-नगर रोडला रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट आणि टाटांच्या कारखान्यात हेच इंजिन बनायचं. मारुती आपल्या गाड्यांसाठी ते परवान्यावर हरियाणात मानेसरला बनवायची. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मान्झा, झेस्ट, सगळीकडे हेच. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, मारुतीने डिझेल बंद केलं, पण रस्त्यावर अजून या गाड्या भरपूर आहेत आणि सामान सहज मिळतं. तुमच्या बाजूची ही मोठी गोष्ट. मात्र एकच इंजिन इतक्या गाड्यांत, इतक्या वर्षांत गेल्यामुळे बारीकसारीक भाग, माउंटिंग, बोल्ट बदलत गेले. म्हणून मी खाली टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा याचा, एकही आकडा देणार नाही. तुमच्या गाडीच्या, तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडाच खरा. तो हातात नसेल तर पाना उचलू नका.

आता आवाज.

चेनला ताण देणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर काम करतो. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या डब्यात, उतरतं. सकाळी सेल्फ मारल्यावर पंप तेल वर नेईपर्यंत दोन-चार सेकंद चेन ढिली असते. झिजलेली चेन त्या वेळात तिला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर, म्हणजे गाइडवर, आणि कव्हरवर आपटते. दाब आला, टेन्शनर फुगला, आवाज बंद. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं, त्यामुळे गॅरेजवाला चूक आहे असं मी म्हणत नाही. पण हेच लक्षण आणखी दोन-तीन ठिकाणांहून येतं. हलक्या प्रतीच्या ऑइल फिल्टरमध्ये तेल मागे उतरू न देणारा रबरी पडदा नीट नसतो. मग तेल रोज खाली उतरतं आणि चेन ठणठणीत असूनही सकाळी खडखडते. ऑइलची पातळी कमी असेल, किंवा कुणी भलतंच जाड तेल भरलं असेल, तरी तेच. आल्टरनेटरची पुली किंवा फॅन बेल्टचा टेन्शनर सैल झाला तर तोही अगदी चेनसारखाच वाजतो, आणि बसलेलाही त्याच बाजूला असतो.

म्हणून खर्च करण्याआधी हे करा. पहिल्यांदा ऑइल आणि फिल्टर बदला, चांगल्या प्रतीचे, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचे. आठवडाभर सकाळचा आवाज ऐका. कमी झाला तर तुमचे बावीस हजार वाचण्याची बरीच शक्यता आहे. नाही झाला तर एका रात्री फॅन बेल्ट काढून ठेवा आणि सकाळी बेल्टशिवाय गाडी सुरू करा. या इंजिनात पाण्याचा पंप बेल्टवर चालतो, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांच्या वर चालवू नका. बॅटरीचा लाल दिवा लागेल, घाबरू नका. आवाज गायब झाला तर दोष बाहेरच्या पुल्यांत आहे. आवाज तसाच राहिला तर एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याची मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा आणि टोक टायमिंग कव्हरवर टेकवा. मग तेच टोक इंजेक्टरच्या बाजूला हेडवर, म्हणजे वॉल्व्ह असतात त्या इंजिनाच्या वरच्या भागावर, टेकवून फरक ऐका. पहिल्यांदा काही कळणार नाही. चार वेळा ऐकलं की कळतं. हात, बाह्या, गळ्यातली साखळी बेल्टच्या बाजूपासून लांब ठेवा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

शिवाय कुणाकडून तरी गाडीचे दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असा पी-००१६ कोड आला असेल तर वायरिंग आणि सेन्सर आधी तपासा. ते ठीक असतील तर चेन इतकी लांबली आहे की ती कंप्युटरलाही दिसतेय. मग बेल्ट, फिल्टर वगैरे खेळ सोडा आणि गाडी चालवणं थांबवा.

‘चेन लांबली’ म्हणजे लोखंड ताणलं गेलं असं नाही. लहानपणी सायकलची चेन जुनी झाली की फ्रीव्हीलवर उडायची, ते आठवा. तिच्या कड्यांमधल्या पिना आणि भोकं झिजलेली असायची. इथेही तेच. समजा चेनला शंभर कड्या आहेत आणि प्रत्येक कडीत ०.०२ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. शंभर कड्यांत मिळून चेन दोन मिलिमीटर वाढली. टेन्शनर बाहेर येऊन येऊन तेवढा ढिलेपणा खातो. एका मर्यादेनंतर त्याला पुढे जायला जागाच उरत नाही. डिझेलच्या तेलात काजळी असते आणि ती या पिनांवर बारीक पॉलिश पेपरसारखी काम करते. माझ्याकडे आलेल्या मल्टिजेटमध्ये १,१०,००० किलोमीटरला चेन गेलेल्या गाड्या होत्या आणि २,५०,००० झाले तरी मूळ चेनवर चालणारी टॅक्सीही होती. टॅक्सीवाला दर सात-आठ हजारांना तेल बदलायचा. एवढाच फरक. तुम्ही तेल किती किलोमीटरला बदलत होता हे प्रश्नात लिहिलं नाहीये. सर्व्हिस बुकात १०,००० असताना १५-१८ हजारांपर्यंत ओढलं असेल तर निदान चेनकडेच झुकतं.

धरून चालू की चेनच आहे. मग अवघड काय?

खोलाखोल अवघड नाही. ती वेळखाऊ आहे. ड्रायव्हर साइडचं पुढचं चाक, त्यामागचं प्लास्टिक लायनर, फॅन बेल्ट, क्रँकच्या टोकावरची डॅम्पर पुली, त्या बाजूचं इंजिन माउंटिंग, मग टायमिंग कव्हर. त्यात या इंजिनाची एक खोच आहे. ऑइल पंप टायमिंग कव्हरमध्येच आहे आणि चेंबरचे काही बोल्ट कव्हरमध्ये जातात. म्हणून चेंबर उतरवल्याशिवाय कव्हर नीट निघत नाही, आणि निघालं तरी नीट बसत नाही. इथेच घरी काम करणाऱ्यांची पहिली फजिती होते. माउंटिंग काढायचं म्हणजे इंजिनाला आधार हवा. आधार म्हणून चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावतात, आणि अर्ध्या तासाने लक्षात येतं की उतरवायचा आहे तोच चेंबर जॅकवर बसलाय! इंजिन वरून टांगावं लागतं. दोन्ही फेंडरच्या कडांवर टेकणारा आडवा बार आणि साखळी, असं साधन भाड्याने मिळतं. लोखंडी पाइप आणि दोरी असला जुगाड करू नका. इंजिन दोन इंच खाली सरकलं तर एसीचे पाइप, वायरिंग, ड्राइव्ह शाफ्ट सगळ्यांवर ओढ येते. बोटं मध्ये असतील तर त्याहून वाईट.

गाडी स्टेपनीच्या जॅकवर उभी ठेवून खाली हात घालायचा नाही. गाडी पेलणाऱ्या दोन मजबूत लोखंडी घोड्या, सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. पेव्हर ब्लॉकवर घोडीचा पाय रुततो, म्हणून खाली जाड फळी किंवा प्लेट घाला. तुमच्या पार्किंगचा तळ कसा आहे ते आधी बघा. उतार असेल तर हा विषय तिथेच संपला.

आता खरा अवघड भाग. चेन क्रँक आणि कॅम यांना एका ठरलेल्या नात्यात बांधून ठेवते. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. ते नातं एका दाताने जरी चुकलं तरी गाडी नीट चालत नाही. जास्त चुकलं तर पिस्टन वर येतो तेव्हा वॉल्व्ह अजून उघडाच असतो आणि दोघं भिडतात. डिझेलमध्ये पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्यात जागा इतकी कमी असते की इथे माफी नाही. रॉकर तुटतात, वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बावीस हजार वाचवायला निघालेला माणूस मग किती भरतो ते विचारू नका.

मी हे स्वतःच्या खिशातून शिकलो. गॅरेज टाकून दुसरंच वर्ष होतं. लॉकिंग पिनांचा सेट माझ्याकडे नव्हता. ‘खुणा करू, काय होतंय’ म्हणून पांढऱ्या रंगाने जुन्या चेनवर आणि गिअरवर टिपके दिले, मोजून तेवढ्याच कड्या नव्या चेनवर धरल्या आणि जोडलं. जुनी चेन काढताना कॅम स्प्रिंगच्या जोराने किंचित मागे सरकला होता, ते माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळचे सात वाजले होते, गिऱ्हाईक समोर उभं होतं. हाताने फिरवून न बघता सेल्फ मारला. एकच ‘टक’ असा आवाज आला. त्या आवाजासाठी मी पुढचे तीन महिने हप्ता भरला. पांढरे टिपके आजही देतो, पण ते फक्त डोळ्यांच्या समाधानासाठी. भरवसा पिनांवर.

या इंजिनासाठी लॉकिंग सेट मिळतो. कॅमशाफ्टच्या हाउसिंगमध्ये बूच काढून घालायच्या पिना आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकावरच्या जड चकतीच्या, बाजूने क्रँक धरणारी पिन. बूच काढून, क्रँक हळूहळू फिरवत पिना आत पूर्ण बसल्या की इंजिन ठरलेल्या जागी उभं राहिलं. पिना सहज, हाताच्या जोराने जायला हव्यात. ठोकावी लागत असेल तर जागा चुकली आहे, किंवा जुन्या चेनच्या लांबीमुळे कॅम मागे राहिलाय. दुसरं कारण असेल तर घाबरायचं नाही. क्रँक पिनवर लॉक करा, चेन निघाल्यावर कॅम किंचित फिरवून त्याची पिन बसते. किती फिरवावा लागला हे बघितलंत की जुनी चेन किती लांबली होती तेही समजतं.

एक इशारा. या पिना जागा दाखवायला असतात, जोर झेलायला नाही. पुलीचा मधला बोल्ट सोडताना क्रँक फिरू नये म्हणून याच पिनेवर भिस्त ठेवली तर पिन वाकते, कधी तुटून आत राहते. त्यासाठी पुली किंवा फ्लायव्हील धरणारं वेगळं हत्यार आणि लांब दांडा. काही इंजिनांत हा बोल्ट डाव्या आट्याचा असतो, म्हणजे नेहमीच्या सवयीने सोडायला गेलात तर घट्टच होत जाईल. दिशा आधी मॅन्युअलमध्ये बघा, मग लोंबकळा. आणि पान्याचा दांडा चासीला अडकवून सेल्फचा झटका देत बोल्ट मोडायची जी युक्ती कुणीतरी दाखवेल, ती तुम्ही करू नका. टायमिंगचंच काम चालू असताना सेल्फ मारायचा, हा कुठला शहाणपणा.

किट घेताना नुसती चेन घेऊ नका. चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, क्रँकचा आणि कॅमचा गिअर, पुढचं ऑइल सील, जिथे लागतं तिथे पॅकिंग. जुन्या गिअरचे दात एका बाजूला आकड्यासारखे झिजलेले असतात, त्यावर नवी चेन टाकली तर ती दुप्पट वेगाने खराब होते. ज्या बोल्टना आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंशांचा कोन असं घट्ट करायचं असतं, ते नवेच घ्या. ते एकदा ताणले गेले की संपले. स्वस्त किटमधले गाइड पिवळट, ठिसूळ प्लास्टिकचे येतात. मी चेनवर पैसे वाचवतो असं म्हणणाऱ्याला सांगतो, वाचव, पण मग सहा महिन्यांनी पुन्हा माझ्याकडे येऊ नको.

खोलताना एक पुठ्ठा घ्या आणि त्यावर टायमिंग कव्हरचं ढोबळ चित्र काढा. जिथला बोल्ट तिथेच पुठ्ठ्यात खोचा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं घट्ट झाला, पण कव्हर ढिलंच असतं, आणि आणखी जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. मोबाइलवर फोटो काढाच. पण चौथ्या दिवशी रात्री हात काळे असताना पुठ्ठाच कामाला येतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार पहिल्या मिनिटाला काढा आणि टर्मिनलला कापड गुंडाळून ठेवा. डिझेलच्या उच्च दाबाच्या पाइपांना या कामासाठी हात लावावा लागू नये. लागलाच तर इंजिन बंद करून बराच वेळ थांबल्याशिवाय नाही. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, इंजिन चालू असताना दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि माणूस दुर्लक्ष करतो. असं कधी झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

चेन बसवताना टेन्शनर नसलेली बाजू ताठ हवी. सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे. नव्या चेनवर रंगीत कड्या असतील तर त्या गिअरवरच्या खुणांसमोर. नवा टेन्शनर दाबलेल्या स्थितीत, पिन लावून येतो. गाइड, गिअर, चेन सगळं जागेवर बसेपर्यंत ती पिन ओढायची नाही. ओढली की चेन ताठ होते. मग लॉकिंग पिना काढा आणि क्रँक पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. ज्या दिशेने इंजिन चालतं त्याच दिशेने, उलटं नाही. उलट फिरवलं तर ढिलेपणा चुकीच्या बाजूला जातो आणि सगळं बिघडू शकतं.

फिरवताना कॉम्प्रेशनमुळे हात जड होईल. ते स्वाभाविक आहे. तिथे थांबा, हवा हळूहळू निसटते, मग पुढे. हलकं फिरावं म्हणून ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला आत ऊब देणारे प्लग, काढायच्या भानगडीत पडू नका. पावणेदोन लाख चाललेल्या हेडमधले ग्लो प्लग तुटायला टपलेलेच असतात. कॉम्प्रेशनचा विरोध रबरासारखा असतो, दाबला की दबतो. लोखंडाला लोखंड लागलं तर विरोध भिंतीसारखा असतो. एकाएकी, टणक. भिंत लागली की तिथेच थांबायचं. जोर लावायचा नाही, मागेही फिरवायचं नाही. चेन उघडी आहे, पुन्हा पहिल्यापासून तपासा.

दोन फेऱ्यांनंतर लॉकिंग पिना परत सहज बसल्या पाहिजेत. बसल्या तर टायमिंग बरोबर. नवखा माणूस इथे हमखास घाबरतो, म्हणून सांगून ठेवतो. रंगीत कड्या आता खुणांसमोर दिसणार नाहीत. कड्यांची संख्या आणि दातांची संख्या यांचा मेळ असा असतो की त्या पुन्हा एकत्र यायला कितीतरी फेरे लागतात. त्या फक्त बसवतानाच्या सोयीसाठी. आमच्याकडचा एक पोरगा या कड्या जुळत नाहीत म्हणून तीनदा चेन काढून बसला होता, आणि तिन्ही वेळा त्याने बरोबर बसवली होती.

कव्हर आणि चेंबर सिलिकॉनवर बसतात. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पत्र्याने खरवडलं तर ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि तिथून तेल पाझरतं. नवं सिलिकॉन एकसारखी बारीक वात ओढल्यासारखं लावायचं. आपल्याकडे ‘जास्त लावलं तर बरं’ ही समजूत फार आहे. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला ओघळतं, वाळतं, सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. मग नवी चेन, नवं तेल, आणि तेलाचा दाबच नाही. चेंबर उतरलाच आहे तर ती जाळी बघा. त्यात गाइडच्या प्लास्टिकचे तुकडे सापडले तर आश्चर्य नको. सगळे तुकडे गोळा करून जुन्या गाइडला जुळवून बघा. एखादा कमी असेल तर तो शोधल्याशिवाय चेंबर बंद करू नका.

ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण द्या. मी रात्रभर ठेवतो. मग तेल, नवा फिल्टर. आणि लगेच किल्ली फिरवायची नाही. क्रँक सेन्सरचं कनेक्टर काढा, म्हणजे डिझेल फवारलं जाणार नाही आणि इंजिन सुरू होणार नाही. पाच-सात सेकंद सेल्फ, मग विश्रांती, पुन्हा सेल्फ, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. आता टेन्शनरमध्ये तेल भरलं. कनेक्टर लावा आणि गाडी सुरू करा. सेन्सरचा कोड नोंदला जाईल, तो स्कॅनरने पुसता येतो. पहिल्या सुरुवातीला एखाद-दोन सेकंद आवाज आला तर चालेल. दहा सेकंदांत गेला नाही तर बंद करा.

तर तुमच्या चार दिवसांचं काय? मला, लिफ्ट, इम्पॅक्ट गन, सगळं हाताशी असताना, या कामाला एक पूर्ण दिवस लागतो. तुम्ही पहिल्यांदा करताय, तेव्हा खोलायला दीड दिवस, साफसफाईला अर्धा, बसवायला एक, आणि एक दिवस हमखास जाणार तो न मिळालेल्या सीलच्या किंवा अडकलेल्या बोल्टच्या मागे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सामानाची दुकानं पूजेला बसतात, काउंटरवर कुणी भेटत नाही. पाडव्यालाही तेच. म्हणून दिवाळी सोडा, हे काम अशा आठवड्यात घ्या जेव्हा गाडी दहा दिवस उभी राहिली तरी तुमचं अडणार नाही. सोमवारी ऑफिसला याच गाडीने जायचंय, हे डोक्यात असलं की रविवारी रात्री माणूस हाताने फिरवून बघणं टाळतो. मीही टाळलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, खाली ताडपत्री आणि पुठ्ठे अंथरा. निघालेलं तेल कॅनमध्ये भरून एखाद्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुनं तेल नेणारे येतात. गटारात ओतू नका.

हत्यारांत तुमच्याकडे नसणार त्या गोष्टी म्हणजे टॉर्क पाना, अंश मोजायची चकती, लॉकिंग सेट, पुली धरायचं हत्यार आणि इंजिन टांगायचा बार. हे सगळं विकत घेतलंत तर बावीस हजारांतली बचत बरीच आटते. भाड्याने किंवा ओळखीत मिळालं तर गणित जमतं. मेहुण्यांच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये टॉर्क पाना नक्की असेल, तिथे विचारा. वर्कशॉपमध्येच गाडी लावू दिली तर फारच उत्तम, पार्किंगचा प्रश्नच मिटला.

मधला रस्ताही आहे, आणि माझ्याकडे अशी दोन-तीन गिऱ्हाइकं आली आहेत. किट तुम्ही स्वतः चांगल्या दुकानातून पारखून घ्या, आणि मजुरी ठरवून एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडे त्याच्या शेजारी उभे राहून काम करून घ्या. जुने भाग परत मागा. लॉकिंग पिना वापरणार का, हे आधी विचारा. ‘पिना कशाला, मी खुणेवर बसवतो’ असं उत्तर आलं तर दुसरा मिस्त्री बघा. मी पण एकदा तसंच म्हणालो होतो.

गाडी आत्ता चालवत असाल तर थंड इंजिनाला रेस देऊ नका आणि उतारावर गिअरमध्ये टाकून धक्का-स्टार्ट करू नका. ढिली चेन तेव्हाच दात सोडते. ऑइल आणि फिल्टर या आठवड्यात बदला, पुढच्या आठवड्यात बेल्ट काढून सकाळी ऐका, आणि दोन्हींचं काय झालं ते मला कळवा. तोवर किटची ऑर्डर देऊ नका.